सामरावांचे डौट

सकाळी पूजा आटोपून, कपाळाला ताजं गंध लावून, हातात कॉफीचा टंबलर घेऊन एक सत्तरीचा गृहस्थ तुमच्या दारात उभा राहतो आणि विचारतो, "सार, एक डौट. जिन आणि व्होडका दोन्ही पाण्यासारखी दिसतात. मग कोणती कोण, हे ओळखायचं कसं?" अशा वेळी सभ्य माणसाने काय करावं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी अर्ध्या गालाला साबण लागलेला असताना "वासावरून" एवढं सांगतो आणि दार लावायला जातो. दार लागत नाही, कारण सामरावांचा एक पाय उंबऱ्याच्या आत आलेला असतो.

"वासावरून म्हणजे कसा वास? अस्के सांगा."

अस्के म्हणजे सगळं. सामराव तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी तिकडे गेले आणि त्यांची मराठी होती तिथेच थांबली, वरून तिला तमिळचा हेल चढला. आम्ही बँकेच्या बदलीने नाशिकहून चेन्नईत अड्यारला राहायला आलो तेव्हा समोरच्या दारातून "मजला तुमचं बोलणं ऐकून फार बरं वाटलं" असं कुणीतरी म्हणालं आणि आमची ही, मेधा, तिथल्या तिथे विरघळली. मलाही आनंद झाला. पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना नव्हती.

रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात सामराव तपासनीस होते. नोकरीभर त्यांनी एकच काम केलं, ते म्हणजे समोर आलेल्या वस्तूवर शंका घेणं. इथल्या सगळ्यांसारखं ते 'सर'ला 'सार' म्हणतात आणि शंकेला 'डौट'. सेवानिवृत्त झाल्यावर डबे संपले, डौट राहिले. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपासून माझ्या चपलेच्या अंगठ्यापर्यंत सगळं त्यांचं तपासून झालंय. मेधाच्या आमटीला त्यांनी पास केलं, माझ्या चालण्याला नापास केलं. इथपर्यंत माझी तक्रार नव्हती.

मग एका शनिवारी लिफ्टमध्ये माझ्या कापडी पिशवीत काचेला काच लागल्याचा आवाज झाला. बिअरच्या दोन बाटल्या होत्या. सामरावांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबताच तडक आपल्या दारात शिरले. मला वाटलं, संबंध संपले. चहाकॉफी बंद, कढीपत्ता बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजली आणि त्यांनी अतिशय अदबीने विचारलं, "सार, कॉकटेल म्हणजे नेमकं काय?"

मी बिअर पितो, तीसुद्धा शनिवारी, तीसुद्धा मेधा माहेरच्यांशी फोनवर बोलत असेल तर. कॉकटेलमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण ज्या मजल्यावर बाकीचे सगळे ताक पिणारे, तिथे मी पडलो तज्ज्ञ. वासरांत लंगडी गाय शहाणी. त्यात नाशिकच्या शाखेने निरोपसमारंभात मला कॉकटेल हलवायचा एक स्टीलचा शेकर भेट दिला होता. का दिला, हे देणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं. मेधा त्यात तूरडाळ ठेवते. सामरावांनी एकदा तो आमच्या फडताळात पाहिला आणि त्यांची खात्रीच पटली की मी मूळचा त्याच धंद्यातला, बँकेत नुसता दिखाव्याला जातो.

तेव्हापासून माझ्या सकाळींचा निकाल लागला. शेकरमध्ये का हलवतात? मग मार्टिनी का हलवत नाहीत, नुसतीच चमच्याने का ढवळतात? व्हर्मुथ म्हणजे दारू की औषध? (औषध, मी ठोकून दिलं.) बिटर्स कडू असतात, तर मुद्दाम का घालतात? मी एका प्रश्नाला "माहीत नाही" म्हणून बघितलं. ते म्हणाले, "पर्वा नाही, उद्या येतो." आणि उद्या आले. शेवटी मी जेवणाच्या सुट्टीत बँकेच्या संगणकावर अभ्यास करायला लागलो. ज्यात लिंबू, रस, साय किंवा अंडं असतं ते हलवायचं, नुसतीच दारू असेल तर ढवळायचं, असं मी पाठ केलं. आमच्या मॅनेजरबाईंनी माझ्या मागे उभं राहून ते पडद्यावर वाचलं. त्यानंतर आठवडाभर त्या माझ्याशी आजारी माणसाशी बोलतात तसं बोलत होत्या.

तुम्ही म्हणाल, सामरावांकडे फोन नाही का? आहे. माझ्याहून चांगला आहे. मीही तेच विचारलं. त्यांचं म्हणणं, फोन सांगतो ते ऐकून घ्यावं लागतं, माणसाला उलट पुसता येतं.

आणि उलट पुसण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. बर्फ वितळून पेयात पाणी उतरतं आणि तेवढं पाणी उतरावं अशीच अपेक्षा असते, हे मी सांगितलं तेव्हा ते फार अस्वस्थ झाले. डब्यात पाणी शिरलं तर आम्ही आख्खा डबा परत पाठवायचो, म्हणाले. अंड्याचा पांढरा बलक काही कॉकटेलांत कच्चाच घालतात, हे ऐकून तर त्यांनी टंबलर खाली ठेवला. त्यांच्या घरात अंडं सोडा, कांदासुद्धा वार बघून येतो. मला वाटलं, चला, विषय संपला. पण थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "ते अंडं कोण फोडतो? जो बनवतो तोच? स्वतःच्या हाताने?" मी म्हटलं, मग काय पोस्टाने येतं? ते टंबलर उचलून निघून गेले.

कहर झाला तो पन्नीर सोड्याच्या दिवशी. हा इथला गुलाबपाण्याचा सोडा, गोड आणि भयंकर फसफसणारा. सामरावांना हलवण्याचा प्रयोग स्वतः करून बघायचा होता. मेधाने कौतुकाने तूरडाळ काढून शेकर धुऊन दिला. मी आंघोळीला गेलो होतो. सोडा कधीही शेकरमध्ये घालायचा नसतो, तो वरून ओततात, हे नवशिक्याला सांगायचं पहिलं वाक्य. आणि तेच माझं सांगायचं राहिलं होतं, कारण ते विचारायचेच राहिले होते. सामरावांनी झाकण घट्ट लावलं, शेकर खांद्यावर घेतला आणि रेल्वेत लावलेल्या सगळ्या ताकदीनिशी हलवला. मी टॉवेलवर बाहेर आलो तेव्हा झाकण कपाटावर होतं, भिंतीवरचा गणपतीचा फोटो गुलाबी झाला होता आणि मेधाच्या केसांतून सोडा ठिबकत होता. सामराव रिकाम्या शेकरकडे बघत होते. "सार, एक डौट," ते म्हणाले.

मी फटकळ माणूस नाही. पण त्या दिवशी माझा तोल गेला. मी टॉवेलवरच त्यांना विचारलं की, सामराव, तुम्ही पीत नाही, पिणार नाही, तुमच्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा तुम्ही लेबल वाचून आणता. तुम्हाला काय करायचंय हे सगळं जाणून? तुमचे डौट फेडता फेडता माझी नोकरी जाईल.

मेधाने मला डोळ्यांनी दटावलं. सामराव खुर्चीवर बसले. शेकर मांडीवर धरून.

त्यांना रुक्मिणी नावाची मुलगी आहे, एवढं आम्हाला ठाऊक होतं. बायको गेल्यावर त्यांनीच तिला वाढवलं. ती 'हॉटेल लाइनमध्ये' गोव्याला आहे, असं ते सांगत आणि आम्ही मॅनेजर वगैरे समजत होतो. आता कळलं, ती बारटेंडर होती. तिने ही नोकरी धरल्याचं सांगितलं तेव्हा सामरावांनी तिला एकच डौट विचारला होता: उष्टे ग्लास धुवायला एवढं शिकलीस काय? तेव्हापासून रुक्कूने त्यांना कामाबद्दल एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. रोज फोन यायचा. जेवलीस का, जेवलात का, पाऊस आहे का, आणि ठेवू का.

आता ती चेन्नईतच आली होती, नुंगंबाक्कमच्या एका हॉटेलात. राहायला मात्र मैत्रिणीकडे. घरी येऊन भेटून गेली आणि जाताना चपला घालता घालता म्हणाली होती, अप्पा, वाटलं तर एखाद्या संध्याकाळी येऊन बघा मी काय करते.

"तिनं बोलावलं, ते एकदाच," सामराव म्हणाले. "मी तिथे बसून काही वेडंविद्रं पुसलं, तर तिजला वाटेल, अप्पा अजून टिंगलच करतात. मग ती दुसऱ्यांदा बोलावणार नाही. म्हणून अगोदर तुम्हाला पुसून घेतो."

माझ्या अंगावरचं पाणी वाळून गेलं होतं. मला स्वतःचा राग आला आणि त्यांचाही आला, की हे पहिल्याच दिवशी सांगायला या माणसाचं काय जात होतं? मी म्हटलं, शनिवारी जाऊ. मी येतो बरोबर.

आठवडाभर आम्ही तालीम केली. जाऊन बसायचं आणि कॉकटेलात घालतात त्या साखरेच्या पाकाबद्दल एकच प्रश्न विचारायचा: "पाक तू इथेच करतेस की बाहेरून आणतात?" प्रश्न साधा, आदराचा, माहीतगार माणसाचा. सामरावांना तो पाठ झाला. लिफ्टमध्ये म्हणायचे, कढीपत्ता द्यायला आले की म्हणायचे. मी त्यांना झोपेतही पास केलं असतं.

शनिवारी ऊन होतं तेव्हाच आम्ही पोचलो. बार नुकता उघडला होता. सामरावांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि कपाळावरचं गंध पुसलं नव्हतं. त्या उंच स्टुलावर मी त्यांना जवळजवळ उचलूनच बसवलं. काउंटरपलीकडे काळा एप्रन घातलेली रुक्कू उभी होती. वडिलांना बघून ती हसली, पण तिने फडकं घेतलं आणि आधीच स्वच्छ असलेला काउंटर पुसायला लागली. पुसतच राहिली. मी सामरावांना गुडघ्याने ढोसलं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. एक आठवड्याची तालीम वाया.

"काय देऊ अप्पा?" तिने विचारलं.

"पाणी," सामराव म्हणाले.

तिने पाणी दिलं. तिचा चेहरा बंद झालेला मला दिसला. अशी चीड आली मला, की हा माणूस माझ्या दारात सकाळी सकाळी तोफखाना लावतो आणि इथे याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

तेवढ्यात शेजारच्या स्टुलावर गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवलेला एक तरुण येऊन बसला. त्याने काहीतरी मागवलं आणि रुक्कूला बजावलं की बर्फ अगदी कमी घाल, म्हणजे ड्रिंक जास्त येईल. ती नम्रपणे काही सांगणार, एवढ्यात सामराव स्टुलावर वळले.

ते तमिळमध्ये सुरू झाले. सुरू झाले म्हणजे कारखान्यात नव्या पोरासमोर सुरू होत असतील तसे. बर्फ कमी घातला की ग्लास थंड राहत नाही, थंड राहिला नाही की असलेला बर्फ भराभर वितळतो, आणि मग तुझ्या ग्लासात पाणी जास्त होतं. बर्फ भरपूर आणि तुकडा मोठा. मोठा तुकडा सावकाश वितळतो. बनवणारीला अक्कल आहे, तिला तिचं काम करू दे.

तरुण चिडला. रुक्कूकडे वळून त्याने विचारलं, हे कोण?

रुक्कूच्या हातातलं फडकं थांबलं होतं. "माझे अप्पा," ती म्हणाली. मग सामरावांकडे बघून, त्यांच्या घरातल्या मराठीत म्हणाली, "पण मोठा तुकडा सगळ्यांत चालत नाही अप्पा. मोहितोत बर्फ कुटून घालावा लागतो."

"का?" सामरावांनी विचारलं.

तिने का ते सांगितलं. सामरावांनी पुढचं विचारलं. तिने पुढचं सांगितलं, मग पुढे झुकून काउंटरवर बर्फाचे दोन आकार ठेवून दाखवले, मग पुदिना चुरडायचा नाही, नुसता दाबायचा हे करून दाखवलं. मधूनमधून गिऱ्हाईक करून यायची आणि परत तिथेच उभी राहायची. कॉकटेलबद्दल हे सगळं तुम्हाला सांगितलं कुणी, असं तिने विचारलं तेव्हा सामरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, अंकल, व्हर्मुथबद्दल तुम्ही अप्पांना सांगितलंत ते पूर्ण चूक आहे. यानंतर दोघांनी मला काही विचारलं नाही. मी आपली बिअर घेऊन टोकाला बसून राहिलो.

परतताना रिक्षात सामराव गप्प होते. मला सवय नव्हती, म्हणून मीच विचारलं, काय सामराव, आणखी काही डौट?

त्यांनी नकारार्थी मान हलवली. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाले, "सार, ती कामाचं बोलताना हात हलवते. अगदी तिच्या आईसारखे. फोनवर ते दिसत नाही, हो ना? मजला ठाऊकच नव्हतं."

ते चष्मा काढून पुसायला लागले. मी रिक्षावाल्याला सांगितलं, जरा सावकाश ने, घाई नाही.