इलोन्काबाईंची हुदहुदावर स्वारी

मुरा नदीचे उत्तर तीरीचा मुलूख, जेथे विजेच्या खांबाखांबावर करकोचे राज्य करितात आणि त्यांचे छायेखाली माणसे भोपळे लावून गुण्यागोविंदाने नांदतात, त्या मुलखी डोल्नी ब्रेग या गावी वैशाखमासी जे थोर प्रकरण जाहले, त्याची हकीकत पुढील लोकांस ठावकी असावी, म्हणून यथामति लिहितो. ज्यांनी पाहिले त्यांचे मुखीचे ऐकिले ते लिहिले. पदरचे घातले ते शोभेपुरते.

त्या गावी सौभाग्यवती वज्रचूडेमंडित इलोन्काबाई नांदत होत्या. उभा जन्म शाळेच्या मुदपाकखान्याची सुभेदारी करून, पिढ्यान्‌पिढ्यांस बटाट्याचे सूप पाजून, त्या निवृत्त जाहल्या आणि पाखरांच्या छबी टिपण्याचा नाद त्यांसी लागला. परंतु नशिबाची गोष्ट ऐसी, की त्यांचे दोन्ही नेत्रांस मोतीबिंदूने वेढा घातला होता आणि बाईंनी ती खबर कोणास लागू दिली नव्हती. घरच्या लोकांनी बोट करून म्हणावे, “तो बघ, तिकडे, फांदीवर!” आणि बाईंनी भलत्याच दिशेस मान डोलवून म्हणावे, “अगबाई, काय सुंदर!” ऐसा कारभार कैक साले चालिला.

बाईंच्या वडील नणंद मार्येताबाई गावच्या पक्षीमंडळाच्या अध्यक्षा होत. मोठा दरारा. त्यांचे परवानगीवाचून गावात चिमणी अंडे घालीत नसे, ऐसी वदंता. मंडळाची दिनदर्शिका दरसाल छापिली जाई, कोणाची छबी कोणत्या महिन्यावर चढावी हे वन्सं मुकर्रर करीत, आणि इलोन्काबाईंची छबी दरसाल नामंजूर होई. मागील शरदात, मार्टिनाच्या सणास, नवी वाइन आणि भाजला हंस पुढे असता, भर पंक्तीत वन्संनी बाईंची छबी हाती धरिली.

“हा हुदहुद? अगं इलोन्का, हा कॉफीचा डाग आहे. फोटोवर कप ठेवला होतास का?”

पंक्ती हसली. बाईंचे यजमान वेंडेलराव हेही हसले, आणि बाईंनी पाहताच ठसका लागल्याचे सोंग त्यांनी केले. मग हिवाळ्यात, कोणास न सांगता, बाईंनी शहरीचे नेत्रवैद्य गाठिले. वेंडेलरावांस कळले ते पट्टी बांधल्यावर. एका मागून एक दोन्ही डोळ्यांचा वेढा उठला आणि बाईंस सृष्टी दिसू लागली. कपाटावरची धूळ दिसली. यजमानांचे कानांतील केस दिसले; त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत.

वैशाखात वैद्यांनी सायकलीचा परवाना दिला, तेव्हां स्वयंपाकघरात खलबत भरले. वेंडेलराव सोबत येण्यास कंबर बांधून तयार.

“मी येतो ना. कुठे बसलाय ते दाखवीन तुला.”

“म्हणूनच येऊ नका,” बाई बोलल्या. “आजवर सगळ्यांनी दाखवलेलंच बघत आले. मला माझा मला दिसला पाहिजे.”

“आणि पडलीस तर?”

“तर पडलेली मला स्वच्छ दिसेल.”

या बोलण्यावर चाकांत हवा भरून देणे येवढीच चाकरी वेंडेलरावांचे वाट्यास आली.

मग शनवारी प्रातःकाळी खासा स्वारी निघाली. हिरवी सायकल, पुढील टोपलीत रसद: पाव, भोपळ्याच्या बियांचे तेल, उकडली अंडी, खसखशीच्या वडीचा तुकडा, गळ्यात कॅमेरा, डोक्यास रुमाल. नदीच्या बांधापलीकडे जुनी नासपतीची झाडे आहेत, तेथे हुदहुद उतरतो ऐसी बातमी होती. आणि रविवारी प्रार्थनेनंतर मंडळ छबी स्वीकारणार, तेथून पुढे नाही. या कारणे मोहीम त्याच दिवशी फत्ते होणे जरूर.

मोठा रस्ता सोडून स्वारी शेतवाटेस लागली, आणि प्रथम गाठ गेझाकाकांचे वाड्यावरील हंसांशी पडली. माना लांबवून, पंख पसरून, फूत्कार करीत ते पथक उतारावरून ऐसे कोसळले, की बाईंस पेडलावरून पाय काढण्यासही फुरसत मिळाली नाही. म्होरक्याने विजारीचा काठ धरिला. गेझाकाका कुंपणास टेकून, तोंडात पाइप धरून, तटस्थपणे संग्राम पाहात होते.

“काका, आवरा की यांना!”

“माझं ऐकतात होय ते? मीच घरात मागच्या दाराने जातो.”

“मग पाळलेत कशाला?”

“बायकोचे आहेत. ती गेली बहिणीकडे. मीच अडकलोय.”

तेव्हां बाईंनी शर्थ केली. निम्मा पाव तेलात बुडवून कुंपणापलीकडे भिरकाविला, हंसांची फौज खंडणीवर तुटोन पडली, आणि स्वारी निसटली. मागून काकांचा आवाज आला, “बाई, येताना पण आणा!”

पुढे चढावर साखळी उतरली. ती बसविता बाईंचे हात काळे जाहले, घाम पुसिता कपाळही काळे जाहले. ऐशा अवस्थेत त्या गव्हाच्या शेतांमधील वाटेवर उभ्या असता वरून चंडोलाचे गाणे आले. हे गाणे बाईंनी जन्मभर ऐकिले होते. आभाळच गाते ऐसे त्या समजत. सहज मान वर केली, तो निळाईत एक ठिपका दिसला आणि त्या ठिपक्यास फडफडणारे पंख होते. बाई सायकल धरून वाटेच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे वाहू लागले. कॅमेऱ्याची आठवण राहिली नाही. मागे ट्रॅक्टर येऊन थांबला, तोही कळला नाही. ट्रॅक्टरवाल्याने यंत्र बंद केले आणि खाली उतरला.

“काही लागलं का, ताई?”

“नाही. चंडोल दिसला.”

तो वर पाहू लागला. “आणि?”

“आणि काही नाही. एवढंच.”

त्याने टोपी काढिली, जणू कोणी वारले आहे, आणि बाई बाजूस होईपर्यंत तैसाच उभा राहिला.

दुपार कलता स्वारी नासपतीच्या झाडांपाशी पोहोचली. पाहतात तो खंदकात वन्संची सायकल आडवी, आणि शेजारी साक्षात् मार्येताबाई, गुडघे चिखलाने माखलेले, लांब पल्ल्याचे भिंग तिपाईवर चढवून मोर्चा धरून बसलेल्या. श्रम वाया गेले, पाखरू शत्रूने आधीच घेरिले.

“श्श!” वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. “खाली बस. हुदहुद आहे. फांदीच्या दुबेळक्यात बघ. केव्हाचा हललेला नाही.”

बाईंनी दुबेळक्यात पाहिले. तेथे मक्याचे वाळके कणीस वाऱ्याने येऊन अडकले होते. बाईंनी नेत्र चोळिले, पुन्हा पाहिले. कणीसच.

इतक्यात मागे, खुरट्या गवतात, “उप-उप-उप” ऐसा शब्द जाहला. बाई वळल्या. तेथे तो खासा हुदहुद, तुरा उभारून, मोठ्या तोऱ्याने चालत होता. कोणी दाखविला नाही, कोणी बोट केले नाही. पिसान्‌पीस दिसत होते. बाईंनी काळे हात सावरले, श्वास रोखिला आणि कळ दाबिली. पाखराने मातीतून एक किडा उपसला. बाईंनी पुन्हा दाबिली. मग ते उडोन गेले.

“कशाचा काढलास?” वन्संनी विचारिले.

येथे बाईंस सूड उगविण्याचा पुरा मोका होता. कॉफीचा डाग त्यांचे जिभेवर आला होता. परंतु वन्संनी कॅमेरा हाती घेतला, त्याचा पडदा नाकाशी नेला, मग हातभर लांब धरिला, मग पुन्हा नाकाशी. आणि ही कवाईत बाईंस पुरती ओळखीची होती. जिभेवरचे बाईंनी गिळिले.

“वन्सं, कधीपासून?”

“काय कधीपासून? मला सगळं दिसतं.”

“झाडावर कणीस आहे.”

वन्संनी डोळे बारीक करून झाडाकडे पाहिले. “मघाशी मी त्याला शीळ घातली,” त्या बोलल्या. “मला वाटलं, त्याने मान वळवली.”

प्रथम कोण हसले, याविषयी मतभेद आहे. परंतु दोघी खंदकात बसून ऐशा हसल्या, की वन्संचा तिपाईस धक्का लागून भिंग चिखलात गेले, आणि हसता हसताच वन्सं बोलोन गेल्या.

“नाताळापासून गं. कोणाला बोलू नकोस. मंडळ काय म्हणेल?”

“मी इतकी वर्षं नाही बोलले, तर आता काय बोलणार?”

वन्संनी यावर चमकून भावजयीकडे पाहिले. मग कॅमेरा तिचे हाती दिला. “सांग. काय काय आहे फोटोत?”

बाईंनी सांगितले: तुरा पुरा उघडा आहे, टोके काळी आहेत, पंखांवर काळेपांढरे पट्टे आहेत, चोचीत किडा आहे, किड्याचा एक पाय लोंबतो आहे, आणि चोचीवर माती लागली आहे.

“माती पण दिसते?”

“कण अन् कण.”

“मंजूर,” अध्यक्षा बोलल्या. “मे महिना तुझा.” आणि उरले उकडले अंडे त्यांनी न विचारता खाल्ले.

मग परतीचे कूच जाहले. बाई आघाडीस, वन्सं पिछाडीस. बाईंनी ओरडावे, “उजवीकडे खड्डा!” वन्संनी ओरडावे, “दिसतोय मला!” आणि त्यातच जावे. ऐसे मजल दरमजल करीत, सांजवेळी उभयतां गावी दाखल जाहल्या.

ऐसी फत्ते जाहली. स्वपक्षी नुकसान: विजारीचा काठ, अर्धा पाव, वन्संचे गुडघे. लाभ: हुदहुदाची छबी एक. आणि उभय पक्षी तह जाहला तो ऐसा: सोमवारी वन्संनी नेत्रवैद्यांकडे यावे, गाडी वेंडेलरावांनी हाकावी, बाईंनी शेजारी बसावे, आणि वाटेत “मी म्हटलंच होतं” हे वाक्य कोणीही उच्चारू नये. तह बायकांनी अक्षरशः पाळिला. वेंडेलरावांनी मात्र शहराचे वेशीपाशी तो मोडिला. सबब परतीचे वाटेने त्यांसी कोणी बोलिले नाही, आणि घरी पोहोचल्यावर त्यांनी आपले सूप आपणच गरम करून घेतले. हे घडले तैसे लिहिले.