लाल खारव्याच्या दोन वह्या

"दुकानातली वही?" भगवंतराव कडाडले. "माझ्या पोरायनं आजोळच्या आठवणी वाण्याच्या वहीत लिवायच्या?"

दमयंतीबाई फक्त इतकंच म्हणाल्या होत्या, की इचोड्याच्या बाजारात तयार वह्या मिळतात, जाताना दोन घेऊ. पण भगवंतरावांना रागवायला एवढं कारण रग्गड होतं. ते बोथला संस्थानच्या सरकारी कचेरीत जुनी दफ्तरं सांभाळत. दफ्तराची शिवण उसवली की स्वतः टोचा घेऊन बसत, खळ लावत, लाल खारव्याच्या जाड कापडाची पाठ चढवत. अठरा वर्षं हेच केलेल्या माणसाला विकतची वही सुचवायची, हा अपमान नाही तर काय?

शिवाय यंदाचा प्रवास साधा नव्हता. दमयंतीबाईंचं माहेर पैनगंगेपलीकडे इंग्रजी मुलखात, पांढरकवड्याला. बोथहून काही फार लांब नाही, पण पाच वर्षांत जाणं झालं नव्हतं. मागच्या खेपेला रांगणारा उद्धव आता सहा वर्षांचा होता आणि कुमुदिनी दहाची. दर उन्हाळ्यात भगवंतराव 'कुटुंबास माहेरी पोचविणे आहे' असा खरा अर्ज करत आणि दर उन्हाळ्यात तो नामंजूर होई. यंदा त्यांनी 'मोतीझऱ्याचा ताप' असा खोटा अर्ज केला, आणि महिन्याची रुखसत, म्हणजे रजा, तिसऱ्या दिवशी मंजूर होऊन हातात पडली. दुसरा एखादा खूश झाला असता. भगवंतरावांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"खरं लिवलं तं नामंजूर, आन खोटं लिवलं तं मंजूर!" ते माजघरात येरझारा घालत म्हणाले. "अठरा सालात कचेरीतला टाकसुद्धा घरी आनला नाई मी. मले खोटं बोलाले लावलं यायनं!"

"हळू बोला," दमयंतीबाई म्हणाल्या. "मोतीझऱ्याचा मानूस इतका वरडत नसते."

पोरांना भगवंतरावांनी, म्हणजे त्यांच्या नानांनी, दटावून ठेवलं, की तापाचं बाहेर कोणाला सांगायचं नाही. आणि मग वह्या शिवायला घेतल्या. आजारी माणसाला घराबाहेर पडता येत नाही, तेव्हा वेळच वेळ होता. कचेरीतला शिपाई तब्येत विचारायला आला, तेव्हा भगवंतराव टोचा हातात घेऊनच गोधडीखाली शिरले. त्यानंतर ते जे कण्हले, ते मात्र अगदी मनापासून.

चौथ्या दिवशी वह्या तयार झाल्या. लाल खारवा, पक्की शिवण, कडा अशा कापलेल्या की बोट फिरवत राहावं. दमयंतीबाईंनी एक उघडली आणि कपाळाला हात लावला.

"अवो, ही उजवीकडून शिवली तुमी!"

खरंच होतं. कचेरीचा कारभार उर्दूत, उर्दू दफ्तरं उजवीकडून उघडतात, आणि भगवंतरावांच्या हाताला दुसरी शिवण ठाऊकच नव्हती. एवढंच नाही, तर पहिल्या पानावर त्यांनी सवयीनं उर्दूत दाखला लिहिला होता, की या रजिस्टरात चाळीस पानं असून ती मोजून पाहिली आहेत. खाली सही ठोकली होती.

"पोरं मराठी कुठून लिवतीन मंग?"

"वही पालथी करा! शेवटचं पान पहिलं होते, झाली डावीकडची!" भगवंतराव तापले. "इतकं बी समजत नाई मानसाले?"

तेव्हा वह्या फिरवल्या गेल्या. त्या बाजूच्या पहिल्या पानावर भगवंतरावांनी टपोऱ्या मराठीत सूचना लिहिली, 'जे घडेल तेच लिहावे. न घडलेले लिहू नये.' ती वाचून त्यांना स्वतःलाच भरून आलं.

पहाटेच पडदे बांधलेल्या बैलांच्या दमणीतून मंडळी निघाली. भगवंतराव आत आडवे, वर गोधडी. इचोडा मागे पडल्यावर ते उठून बसले आणि दशम्यांचं गाठोडं सोडलं. पोरं वह्या मांडीवर घेऊन लिहीत होती. बापाला कृतार्थ वाटावं असंच ते दृश्य होतं.

दुसऱ्या दिवशी नदी आली. नदीच्या अलीकडे करोडगिरीचा, म्हणजे सरहद्दीवरच्या जकातीचा, नाका. नाकेदारसाहेबांनी सामान उलटंपालटं केलं आणि लाल वह्यांपाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी एक उजवीकडून उघडली. दाखला वाचला. पुढची पानं उलटली, कोरी.

"ये तो सरकारी रजिस्टर है. सरहदपार कहाँ ले जा रहे हो?"

"सरकारी?" भगवंतराव गाडीतून खाली उतरले, म्हणजे जवळजवळ उडी मारली. "बच्चों की कापी है, साहब! कागद मेरा, कपडा मेरा, शिलाई मेरी!"

"दस्तखत किसकी?"

"वो भी मेरी!"

"मतलब सरकारी," नाकेदार शांतपणे म्हणाले आणि वह्या टेबलाच्या खणात टाकायला निघाले.

अठरा वर्षांच्या इमानावर चोरीचा आळ! भगवंतरावांचे कान लाल झाले. दमयंतीबाई गाडीतून हळूच म्हणत होत्या, "राहू द्या वह्या, चला तुमी," पण आता कोण ऐकतो? "फिरवा ती वही!" भगवंतराव गरजले. "उलटीकडून पाहा! माझ्या पोरीनं लिवलं हाय त्यात. वाचा! मोठ्यानं वाचा! सगळ्यायले आयकू द्या!"

नाकेदारांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी फकिराला हाक मारली. फकिरा नाक्यावरचा शिपाई, मराठी चौथी शिकलेला. तो वही हातात धरून, शाळेत उभा राहिल्यासारखा, खणखणीत वाचू लागला.

"'आज आम्ही बोथहून निघालो. इचोड्याला बैलांना पाणी पाजले. नानांना मोतीझरा झाला आहे. पण तो कचेरीत झाला आहे, घरी झाला नाही. हे कोणाला सांगायचे नाही, म्हणून मी सांगितले नाही, नुसते लिहिले.'"

भगवंतराव वही हिसकावून घ्यायला धावले. फकिरानं तत्परतेनं उद्धवची वही उचलली. तीत एकच ओळ होती. "'नानांनी सात दशम्या खाल्ल्या.'"

"कुमे!" भगवंतराव कसेबसे म्हणाले. "हे काऊन लिवलं तू?"

"तुमीच तं म्हनलं, जे घडलं तेच लिवा," कुमुदिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिचं काय चुकलं हे कोणालाही सांगता येत नव्हतं.

नाकेदारांनी वह्या अदबीनं मुलांना परत दिल्या. पोरांच्याच आहेत, यात आता शंका उरली नव्हती. मग त्यांनी भगवंतरावांना बसायला स्टूल दिलं आणि समजावून सांगितलं. मोतीझऱ्याचा रोगी नाक्यावरून पलीकडे जाऊ शकत नाही. त्याला एकवीस दिवस इथल्या झोपडीत ठेवायचा हुकूम आहे. रोगी नसाल तर खुशाल जा, पण तसं कचेरीला कळवणं माझं काम आहे.

"बोलिए. बीमार हैं, या नहीं?"

भगवंतरावांनी नदीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, नोकरी आठवली.

"बीमार," ते म्हणाले. इतक्या संतापानं आजारपण कबूल केलेला माणूस नाकेदारांनी पहिल्यांदाच पाहिला.

"पाच सालानं माहेरी चालली मी, ते बी अशी!" दमयंतीबाई गाडीतून फणफणल्या. पण परत फिरायला त्या तयार नव्हत्या. गाडी नदीत उतरली. मुलं मागच्या पडद्यातून हात हलवत होती.

झोपडीत एक बाज होती आणि डास होते. नियमाप्रमाणे रोग्याला फक्त पेज. कडकडून भूक लागलेला तो ठणठणीत माणूस रोज दोन वाट्या पेज पिऊन पलीकडच्या आंब्यांकडे बघत बसे आणि मनातल्या मनात नवे अर्ज लिही. बाराव्या दिवशी मात्र त्याला हुडहुडी भरली. दातावर दात वाजू लागले. नदीकाठच्या डासांनी काम केलं होतं.

"साहब, बुखार!" भगवंतराव कापत कापत म्हणाले. "सच्चा बुखार!"

नाकेदारांनी नाक्यावरची रोग्यांची वही काढून पाहिली. "आज बारहवाँ दिन है. आपका तो उतर रहा है."

"हात लावून पाहा, साहेब!"

"भगवंतराव," नाकेदार हसून म्हणाले, "हम सब जानते हैं." आणि निघून गेले. फकिराही हसला. भगवंतरावांनी आरडाओरडा केला, शपथा घेतल्या, गोधडीसकट थरथरून दाखवलं. पाहून फकिरा म्हणाला, "मस्त जमून राह्यलं तुमाले आता."

एकविसाव्या दिवशी, नियमाप्रमाणे, भगवंतराव बरे झाले. त्यांना दोघांनी धरून बाहेर आणलं आणि पलीकडे जायला मोकळं केलं. तेवढ्यात नदीतून वर चढणारी दमणी दिसली. सुट्टी संपवून मंडळी परत येत होती. उद्धवच्या हातात आंबा होता, गालावर आंब्याचा रस होता.

भगवंतरावांना आत घेण्यासाठी दमयंतीबाईंनी हात पुढे केला, आणि त्या दचकल्या. त्यांनी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला.

"अगं बाई! तुमाले तं खरंच ताप हाय!"

भगवंतरावांनी काहीतरी तिखट बोलायला तोंड उघडलं. पण गेल्या नऊ दिवसांत त्यांच्यावर विश्वास ठेवणारं हे पहिलंच माणूस होतं. ते बायकोच्या खांद्यावर डोकं टेकून चार माणसांदेखत ढसाढसा रडले.