ढेकणांचं सुतक

केजच्या बाजारात कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसून परमेश्वर साऱ्या तालुक्याला बोंडअळीवर काय मारावं ते सांगत असे, आणि त्याच्याच घरात ढेकूण झाले होते.

ढेकूण होणं हा काही गुन्हा नव्हे. पण त्याची बायको सुनिता घरी ब्लाउज शिवायची आणि लग्नसराई तोंडावर होती. अर्ध्या गल्लीचे ब्लाउजपीस तिच्या दिवाणावर पडलेले असत. एका बाईच्या कानावर ही बातमी गेली असती, तर कपडे परत न्यायला बाकीच्यांची रांग लागली असती. परमेश्वरची आई दगडाबाई तर "आता ढेकणं ऱ्हात्याल न्हाईतर मी," असं बजावून नेकनूरला लेकीकडं निघून गेली होती.

औषधवाला निवडताना परमेश्वरनं सोयरीक जमवावी तशी चौकशी केली. केजमधलाच एक जण कामाला चांगला होता, पण त्याच्या गाडीवर म्हशीएवढा ढेकूण रंगवलेला. अंबाजोगाईचा स्वस्त होता, पण फवारणीआधीचे अन् नंतरचे फोटो गिऱ्हाइकाच्या नावासकट स्टेटसला टाकायचा. बीडच्या युवराजनं मात्र फोनवर औषधाचं नावसुद्धा काढलं नाही.

"मागच्या दारानं येतो. पंप पोत्यात ऱ्हातो. कुणी इचारलं तर नळाचं काम."

"औषध कोणतं मारता?"

"ते महत्त्वाचं हाय का?"

"न्हाई," परमेश्वर म्हणाला, आणि व्यवहार पक्का झाला.

ठरल्या दिवशी परमेश्वर रस्ता दाखवायला चौकात थांबला होता. युवराजची स्कूटी परस्पर मागच्या दाराशी जाऊन उभीही राहिली. शेजारच्या छबुबाईचं कुत्रं शेऱ्या मालकिणीलाही भुंकल्याशिवाय घरात घेत नाही. ते आज नुसती शेपटी हलवत उभं होतं. परमेश्वरला तो शुभशकुन वाटला.

"गाद्या, उशा, वाकळा समद्या उन्हात टाका. गॅस पेटवायचा न्हाई. दुपार टळंपतूर घर बंद," असं सांगून युवराजनं घर फवारलं, आणि "खिडक्या उघडायला येतो," म्हणून निघून गेला.

नवरा-बायको दारासमोरच्या कडुलिंबाखाली बसले. औषधाच्या वासानं दोघांचे डोळे लाल होऊन गळत होते. ढेकूण केसांत शिरतील या धास्तीनं परमेश्वरनं आदल्या दिवशीच डोक्यावर मशीन फिरवून घेतलं होतं. आता हाच हिशोब गल्लीच्या बाजूनं मांडून पाहा. म्हातारी घरात नाही. अंथरूण-पांघरूण सगळं बाहेर. चूल बंद. लेकाचं डोकं भादरलेलं. सुनेच्या डोळ्यांना धार. बेरीज काय येणार?

छबुबाई आली. तिनं आधी गाद्या पाहिल्या, मग डोकं पाहिलं.

"कवा झालं रं, परमेश्वर?"

परमेश्वरला वाटलं, ढेकणांचं फुटलं. त्यानं मान खाली घातली आणि डोळे पुसले. छबुबाईनं तोंडाला पदर लावला आणि सरळ रडण्याचा सूर धरला.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी जेवण न्यायचं असतं. थोड्याच वेळात चंद्रभागाबाई पिठल्याचं पातेलं घेऊन आली, मागोमाग भाकरीची टोपली आली. सुग्रीवतात्यांनी गल्लीच्या ग्रुपवर दगडाबाईचा फोटो टाकून श्रद्धांजली वाहिली. ती वाचून उरलेली गल्ली आली.

"अवो, सांगा की त्यास्नी," सुनिता कुजबुजली. "आत्या धडधाकट हायत म्हणावं."

"मग गाद्या कावून बाहेर हायत म्हणून सांगू?"

सासूला जिवंत करायचं तर ढेकूण कबूल करावे लागत होते. सुनितानं डोळ्यांपुढं न शिवलेले ब्लाउज आणले, मग सासूला आणलं, आणि जरा जास्तच वेळ विचार केला.

"दुपारपतूर दम धर," परमेश्वर म्हणाला. "मंग सांगू, आई बरी झाली म्हणून."

"मेलेलं माणूस बरं होतंय व्हय?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. दगडाबाई उतरली. हातात नातीचा मोबाईल होता, त्यावर स्वतःचीच श्रद्धांजली.

"कोन मेलं म्हणताव रं?" ती लांबूनच ओरडली. "अन् सुग्रीवा, ह्यो फोटो कावून टाकलास? भाचीच्या लग्नातला चांगला हाय की माझा!"

बायका भिंतीपर्यंत मागं सरकल्या. छबुबाईचा सूर मधेच तुटला.

"बघताव काय? मी न्हाई मेले! ढेकणं मेली का, ते सांगा आदी!"

सगळ्या गल्लीनं एकदम गाद्यांकडं पाहिलं. सुनितानं डोळे मिटून घेतले. आता पहिला ब्लाउज कोण मागतंय, एवढंच ऐकायचं राहिलं होतं.

आणि त्याच वेळी खिडक्या उघडायला युवराज आला. गर्दी पाहून त्यानं स्कूटी वळवली, पण शेऱ्या धावत जाऊन त्याचे पाय चाटू लागला.

दगडाबाईनं कमरेवर हात ठेवले. "छबे, हे कुत्रं मला रोज भुंकतंय. ह्या परक्या माणसाला कावून चाटतंय गं?"

छबुबाई पदराचं टोक पिळू लागली. "नळाच्या कामाला आलता ह्यो. दोनदा."

"माझ्याकडं बी नळच," सुग्रीवतात्या आभाळाकडं बघत म्हणाले.

"तात्या, तुमच्याकडं नळ कुठंय?" चंद्रभागाबाई म्हणाली.

"तुझ्याकडं तरी कुठंय? मागल्या आठवड्यात आलता की तुझ्या नळाला!"

मग छबुबाई मटकन तिथल्याच गादीवर बसली. "आगं बाई! मला वाटलं आमच्यातच हायत. लई दिवस झालं, घरात कुणाला टेकू दिलं न्हाई मी!"

अख्ख्या गल्लीनं सुस्कारा सोडला. कुणी पाठ खाजवली, आता ती उघडपणे खाजवता येत होती.

"मंग हटत कावून न्हाईत बे?" परमेश्वरनं युवराजला धरलं.

"एका घरात मारलं की शेजारच्या घरात पळत्यात. दुसऱ्यात मारलं की पयल्यात. समद्या घरांत एकाच दिशी मारावं लागतंय."

"मंग बोलला कावून न्हाईस?"

"कसं बोलनार? समद्यांनी शपथ घातलती."

परमेश्वरनं आपल्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला. बोंडअळीवर साऱ्या शिवारानं एकाच दिवशी फवारा, एकट्यानं फवारून उपयोग नाही, असं दर हंगामात तो शेतकऱ्यांना गळा फोडून सांगत आला होता.

रविवारी सगळी गल्ली फवारायची ठरली, आणि तीही पुढच्या दारानं. जाता जाता छबुबाई सुनिताला म्हणाली, "माझा ब्लाउज हळदीच्या आदी दे बरं का. बाही जरा ढिली ठेव, खाजवाय बरं पडतंय." सुनिताचे डोळे पुन्हा भरून आले. या वेळी औषधानं नव्हे.

पिठलं निवायला लागलं होतं. दगडाबाईनं लिंबाखाली मांडी घातली, भाकरी मोडली आणि स्वतःच्या सुतकाचा पहिला घास तोंडात घातला. जमलेली गल्ली तिच्या तोंडाकडं बघत होती.

"चंद्रभागे," ती म्हणाली, "मानूस मेलं म्हणून काय मीठ बी घालायचं न्हाई व्हय गं?"