वैजनाथतात्यांचा बेलभंडार

वैजनाथतात्यांनी ठरवलं म्हणजे ठरवलं. यंदा त्यांनी शुगर उतरवायचं ठरवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "आधी शुगर खाली आणा, मग मोतीबिंदूला हात लावतो." आणि डोळा नीट होईस्तोवर मोटारसायकलची किल्ली बायकोच्या, बनूकाकूंच्या कमरेला. ते तात्यांना फार झोंबलं होतं.

"शुगर अशी खाली आणतो, का डॉक्टरला वाकून हुडकावी लागंल," तात्या म्हणाले.

पण स्वतःचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. चारी बाजूंनी ऊस, आणि बन्सीच्या हॉटेलातला चहा तर असा की त्यात चमचा उभा राहावा. म्हणून रविवारी त्यांनी सगळ्या ओळखीच्यांना खंडोबाच्या देवळात गोळा केलं. एकेकाच्या हातात बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा देऊन शपथ घातली, "तात्याला गोड देनार न्हाई."

"मी मागितलं तरी न्हाई. रडलो, पाया पडलो, तरी न्हाई."

"आन मराया टेकला तर?" बन्सीनं विचारलं.

"तरी न्हाई. ते माझं नाटक आसंल."

बेलभंडार उचलून शब्द मोडणारा माणूस पुणतांब्यात अजून जन्मायचा होता.

सोमवारी सकाळी तात्यांनी शुगरची गोळी घेतली आणि पायात पोराचे बूट चढवले.

"अवं, अर्धी भाकर तरी खाऊन जा. गोळी घेतलीया," बनूकाकू म्हणाल्या.

"भाकरीची बी पोटात साखरच व्हतीया," तात्या म्हणाले. हे ज्ञान मोबाईलमधलं होतं.

मागं बैल लागल्यासारखे ते निघाले. नदीच्या घाटापर्यंत जायचं होतं. अंगात जोर आला म्हणून पुढं कॅनॉलपर्यंत गेले. परतताना मात्र पावलं वाकडीतिकडी पडायला लागली. दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. उसाची ट्रॉली घेऊन, देवळात शपथ घेतलेल्या कल्याणचा ट्रॅक्टर समोरून येत होता. मोतीबिंदूमुळं एरवी अर्धाच दिसणारा ट्रॅक्टर आज चक्क दोन होऊन दिसला.

"कल्याण, एक कांडकं दे रं उसाचं. शुगर पार उतरली माझी."

"पहिल्याच दिवशी तात्या? वर हात बी थरथरवताय. लई ब्येस जमलंय." आणि कल्याण गेला. जाताना बनूकाकूंना फोन मात्र केला. म्हाताऱ्यानं शब्द मोडायला घेतलाय, ही तक्रार करायला.

तात्या कसेबसे बन्सीच्या हॉटेलापर्यंत आले आणि बाकड्यावर कोसळले.

"बन्सी... साखर."

"घाम बी आणलाय बघा," चहा पिणाऱ्यांतला एक जण कौतुकानं म्हणाला.

"तात्या, मला पोरंबाळं हायेत," बन्सी हात जोडून म्हणाला. "भंडारा उचलल्याला हाय."

"आरं, नाटक न्हाई हे."

"नाटकातला मानूस आसंच म्हनतो."

यावर तात्यांची मान छातीवर कलली. झोपेतसुद्धा गप्प न बसणारा माणूस गप्प बसला, तेव्हा बन्सी हातातली किटली ठेवून धावला. त्यानं साखरेचा डबा उघडून बाकड्यावर ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं.

"मी दिली न्हाई. डबा हितं इसारलोय. समद्यांनी पाठी फिरवा रं."

बनूकाकू धापा टाकत पोचल्या तेव्हा सगळं हॉटेल भिंतीकडं तोंड करून उभं होतं, आणि मधोमध त्यांचा नवरा मिशीला साखर लावून बसला होता.

"तरी म्हनत हुते, भाकर खा," काकू एवढंच म्हणाल्या. मग पदरानं त्यांची मिशी पुसली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग येईपर्यंत हात काही सोडला नाही.

डॉक्टरांनी बजावलं, गोळी घेतली की पोटात अन्न हवं, आणि चालायला जाताना खिशात साखर हवी. गोळीही त्यांनी कमी करून दिली. पण खिशातल्या साखरेवर तात्यांचं समाधान होईना. पुढच्या रविवारी त्यांनी परत देऊळ भरवलं आणि बेलभंडारात दुरुस्ती केली, "चक्कर आली तर मात्र द्यायचं."

त्यानंतर तात्यांना रोज चक्कर यायला लागली. घाटावर नाही, कॅनॉलवर नाही, बरोब्बर बन्सीच्या बाकड्यापाशी. बन्सी बिचारा शपथेचा माणूस. लगेच कपात चहा ओतायचा.

चौथ्या दिवशी बनूकाकू बरोबर निघाल्या. बाकडं आलं तसा तात्यांनी कपाळाला हात लावला. काकूंनी शांतपणे पिशवीतून शुगर तपासायचं यंत्र काढलं.

"बोट फुडं करा."

तात्यांनी सुई पाहिली.

"ऱ्हाऊ दे," ते उठत म्हणाले. "उतरली चक्कर."

बन्सीनं काकूंकडं पाहिलं, भरलेल्या कपाकडं पाहिलं, आणि तात्यांच्या देखत तो चहा स्वतःच पिऊन टाकला.