साहेबांचं एकच पान

तिने कानीकपाळी ओरडून सांगितलं, की पान मी तोडलं नाही, ते आपलं आपण गेलं. पण घरात कुणाचा विश्वास बसेल तर शपथ! नवऱ्याचा नाही, सासूबाईंचा तर नाहीच नाही. (मागे तिने वाळकी काटकी समजून गुलाबाचं कलम उपटलं होतं. एकदाच! पण बाईची एक चूक घर जन्मभर पुरवून पुरवून वापरतं.)

मुळात ती कुंडी घरात घ्यायलाच नको होती. नवरा झाडाझुडपांच्या संशोधन संस्थेत कारकून. टेबल तळघरात, ओल आलेल्या भिंतीला टेकून. बारा महिने खोकला. साहेब लांबच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा म्हणाले, "माझं कुंडीतलं नेचं, ते फर्न, सांभाळा. आलो की वरच्या मजल्यावरची खिडकीजवळची जागा तुमची." खिडकी म्हटल्याबरोबर तिनेच होकार देऊन टाकला.

आणि नेचं तरी कसलं? कुंडीभर माती, मधोमध एक पान, त्यातून वर निघालेली एक काडी. वेडावून दाखवल्यासारखी.

"एवढंच झाड?"

"फार पुरातन जात आहे गं. फूल नाही, बी नाही. वर्षाला एकच पान काढते."

"आणि त्याचा एवढा तोरा? मी वर्षाला एकदाच स्वयंपाक केला तर चालेल का तुम्हाला?"

तरी तिने माती सुकू दिली नाही. पण पान पिवळं पडलं, मान टाकली, आणि एका सकाळी कुंडीत नुसती माती.

"अहो, पान गेलं!"

"गेलं म्हणजे? कुठं गेलं?"

"मला काय सांगून गेलंय?"

"उपटलंस ना?"

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "गुलाबही असाच गेला होता."

झालं! आता पुरावाच हवा. मुळं जिवंत दाखवली की यांची तोंडं बंद. सासूबाईंचा दुपारी डोळा लागला, की ती जेवायचा चार दातांचा काटा घेऊन माती उकरायला बसे. मुळं कसली, खाली सापडले जाड, पांढरट किडे. "हात मेल्यांनो! तुम्हीच खाल्लंत होय!" एकेक ओढून तिने खिडकीबाहेर भिरकावला. साक्षीला कपाटावरचा बोका, गबदुल्या. (म्हातारा, बोळका. त्याला जेवायलासुद्धा उचलून खाली घ्यावं लागे.)

साहेब परतले ते थेट घरीच आले. नवरा चाचरत म्हणाला, "साहेब, पान... म्हणजे ही म्हणते की..."

"गेलं ना? जाणारच. काम झालं की ते आपण होऊन सुकतं. खाली मुळं जिवंत असतात."

"ऐकलंत?" ती कडाडली. "अहो आई, ऐकलंत?"

साहेबांनी माती चाळवली. "पण मुळं कुठं आहेत? जाड, पांढरी, किड्यांसारखी दिसतात ती?"

तिची नजर खिडकीबाहेर गेली. नेमकी तेव्हाच नवऱ्याला खोकल्याची उबळ आली. ती कुणाच्या बापाला भिणारी नव्हती; पुढे झाली. "साहेब, मी उकरलं. यांची खिडकी काढून घेऊ नका."

"साहेब, माझी जागा वाचवायला बोलतेय ती," नवरा म्हणाला.

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "गुणाची हो माझी सून!" (लग्नाला इतकी वर्षं झाली. मुहूर्त हा सापडला.)

"अहो, खरंच मी! काट्याने!"

"बाई," साहेबांनी भिंग काढलं, "माती बघण्यात माझा जन्म गेला. चार ओरखडे, शेजारी शेजारी. ही नखं आहेत." मग मुळाचा एक तुकडा चिमटीत धरून हसले. "वाचलं! यातून फुटेल. खिडकीची जागा तुमची, कुंडीही तिथेच राहील. पण या घरात जनावर कुठलं आहे?"

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. सासूबाईंचं बोट कपाटाकडे गेलं होतं. तिथे झोपेत मिशी हलवत होता गबदुल्या.