भागीरथी म्हशीची चिखलाची शिकवणी

एका जंगलात, बाळांनो, म्हणजे आपल्याच बाजूच्या एका उकाड्याच्या जंगलात, भागीरथी नावाची म्हैस सुखाने डुंबत होती. एके दिवशी तिच्या नवऱ्याला, यशवंत रेड्याला, बर्फाच्या देशात ओंडके ओढायची नोकरी लागली. निघाली दोघं.

त्या देशात सगळी हरणंच हरणं. पांढरी, सडपातळ आणि अतिशय सभ्य.

पहिल्याच सकाळी भागीरथीला गल्लीच्या टोकाला डबकं दिसलं. बर्फ फोडून ती आत बसली. डोळे मिटले, कान सैल सोडले. तेवढ्यात आरडाओरडा झाला. हरणांनी तिला दोर लावून बाहेर काढलं.

"पडलात का हो?" शेजारच्या हेल्गाबाई हरिणीने काळजीने विचारलं.

"नाही, बसले होते."

सगळे हळूच दोन पावलं मागे सरकले. भागीरथीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी ती हेल्गाबाईंकडे सहज डोकावली.

"अगंबाई, या ना!" हेल्गाबाई दार अर्धवट उघडून म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात, तिसऱ्या गुरुवारी."

त्या रात्री भागीरथी खूप रडली. मग तिने ठरवलं, आपणच बदलायचं.

ती टाचा उचलून चालू लागली. फुरफुरणं सोडलं. वादळात छप्पर उडालं तरी "हवा छान आहे" म्हणू लागली. शेवटी डोक्याला वाळक्या फांद्या बांधल्या.

"अगं, दारातून आत कशी येणार?" यशवंताने विचारलं.

"तिरकी," भागीरथी म्हणाली. "आणि अहो, हळू बोला. लोक ऐकतात."

वसंत आला. आता आपल्याला कुणी म्हैस म्हणणार नाही, अशी खात्री पटल्यावर ती फांद्या सावरत, चवड्यांवर तोल सांभाळत गल्लीत निघाली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

सगळी हरणं डबक्यात होती! गळ्यापर्यंत चिखलात. एकमेकांच्या अंगावर रेलून "जेवलात का?" असं ओरडत होती. झालं असं होतं, की हेल्गाबाईंची पाठ खाजत होती. कुणी बघत नाही असं पाहून त्या एकदा डबक्यात बसल्या आणि कित्येक वर्षांनी त्यांना गाढ झोप लागली. मग काय, लोण पसरलं.

भागीरथीचा ऊर भरून आला. ती धावत सुटली.

"थांबा थांबा!" हेल्गाबाई ओरडल्या. "शिंगं लागतील कुणाला! इथे शिकवणी लावल्याशिवाय उतरता येत नाही."

"पण मी तर..."

"सगळे असंच म्हणतात."

भागीरथीने निमूटपणे फांद्या सोडल्या आणि नवशिक्यांच्या रांगेत उभी राहिली. पाळी आली. ती चिखलात बसली.

"कान सैल सोडा," हेल्गाबाई म्हणाल्या. "आणखी सैल. अंहं." त्यांनी सुस्कारा सोडला. "वाईट वाटून घेऊ नका. पण हे रक्तातच असावं लागतं."

तात्पर्य : परदेशात आपले संस्कार जपण्यासाठी जिवाचं रान करू नये. ते काम तिथली मंडळी जास्त चांगलं करतात. आपण फक्त वेळेवर वर्गाला जावं.