किसनरावांनी विमान रंगवून मेज राखिले त्याची हकिकत

जे घडले ते जाणत्यांनी विसरू नये आणि पुढिलांनी फुगवून सांगू नये, एतदर्थ हा मजकूर लिहून ठेविला आहे. पूर्वी पुरुष मुलखासाठी लढत, गडासाठी पडत, मग काळ फिरला, मुलूख सातबाऱ्यावर गेले, गडांवर सहली चढल्या, आणि मर्दांस मर्दुमकी दाखविण्यास जी थोडी ठिकाणे उरली त्यांत प्लास्टिकचे लढाऊ विमान जोडून त्यास खऱ्यासारखा रंग देणे हे एक मोठे ठिकाण जाहले. त्या ठिकाणचे बहाद्दर, शहर अकोला, जठारपेठ येथील फुलवाले, राजमान्य राजश्री किसनराव, उमर साठ, यांनी मिग एकवीस जातीच्या विमानाची प्रतिमा, असलाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाची, लांबी दीड वीत, सिद्ध करण्याची मोहीम मांडिली, ती चौदा महिने चालली. इतक्या अवधीत खऱ्या कारखान्यातून खरी विमाने निघून उडाली असतील.

मोहिमेचा तळ म्हणजे एक मेज. सागवानी, लांबी सहा फूट, किसनरावांचे कुटुंब सौभाग्यवती माणिकबाई यांनी हार ओवण्यासाठी करविलेले. त्यावर किसनरावांनी प्रथम एक चिमटा ठेविला, मग कानस आणिली, मग गोंद, रंगांच्या चाळीस कुप्या आणि फवारणीचे यंत्र आणून ठाणी बसविली, आणि एके दिवशी माणिकबाई पाहतात तो सारा मुलूख गेलेला, आणि आपण शेवंतीची पाटी घेऊन जमिनीवर. वर्षभर जमिनीवर ओवून त्यांचे गुडघे सुजले, त्यात लग्नसराई तोंडावर आली. मग त्यांनी तहाचे कलम सांगितले ते येणेप्रमाणे:

"अमरावतीले पयला नंबर आला तं मेज तुमचं. नाही आला तं तुमच्या त्या माशीसकट सारं खाली."

विमानास माशी म्हटल्याचा किसनरावांस बहुत खेद जाहला. परंतु तह मान्य करणे प्राप्त होते, कारण मेजावाचून हा पुरुष म्हणजे निव्वळ फुलवाला.

अमरावतीस दरसाल माघात या छंदी लोकांचे प्रदर्शन भरते, तेथे शर्त ऐसी की विमान हुबेहूब पाहिजे, आणि कोणते विमान, रंग कोठून घेतला, हे चिठ्ठीवर लिहून समोर ठेविले पाहिजे. तेथील गनीम म्हणजे औषधांचे दुकानदार किशोर, दोन साल लागोपाठ अव्वल आलेले, सबब मान ताठ. या मंडळीची तऱ्हा अशी की, ज्या माणसास घरातील दोन चादरींचा रंग निराळा आहे हे दाखवूनही दिसत नाही, तो येथे आला म्हणजे करड्या रंगाच्या सतरा जाती ओळखतो आणि एकेका जातीवरून वैर धरितो. मंडळीचा दरबार फोनवर भरे, जण एकोणीस. तेथे किसनरावांनी आपल्या विमानाची तसबीर धाडिली, तो भर दरबारात किशोरांचा खलिता आला:

"काका, तुमचा करडा चुकला. अचलपूरले कॉलेजच्या दरवाज्यापाशी खरं मिग उभं हाय. मी सोता जाऊन फोनानं रंग मोजला. फोटो पाठवून राह्यलो. आता तरी खरडा."

एकोणिसांपैकी चौदांनी अंगठे वर केले. किसनरावांच्या अंगाचा तिळपापड जाहला, आणि मग त्यांनी काय करावे? शहाणा असता तर फोन बंद करिता. यांनी चौदा महिन्यांचा रंग तीन दिवस बसून खरडला, फोटोसारखा नवा फवारला, पंखांवरील तिरंगी चक्रांची उरलेली एकच जोडी पाण्यात भिजवून चिकटविली, आणि वर माणिकबाईंस विचारिले की कसे दिसते. त्या म्हणाल्या, "आधी दिसे तसंच."

प्रदर्शनास आठ दिवस उरले असता, शत्रूच्या जबानीवर इतबार नको ऐसी मसलत करून किसनराव खासा अचलपुरास निघाले. स्वारी एसटीची, जागा शेवटली, खिशात नव्या रंगाची पट्टी. अंजनगावावरून मजल मारून दोन प्रहरी कॉलेजपाशी पोचले, तो चौथऱ्यावर विमान उभे, नाक आभाळात, आणि पट्टी लावून पाहतात तो रंगास रंग मिळाला. किसनरावांस धन्य वाटले. इतक्यात त्यांची नजर शेजारच्या लोखंडी दरवाजावर गेली. दरवाजाही त्याच रंगाचा. आणि दरवाजापाशी शिडीवर चंदन नावाचा पेंटर, ब्रश घेऊन, त्याच रंगाने दुसरा हात देत होता.

किसनरावांनी विचारिले, "काहून गा, इमारतीच्या गेटाले विमानाचा रंग?"

चंदन हसला. "उलटं हाय, काकाजी. विमानाले गेटाचा रंग हाय. मागल्या साली अर्धा डबा उरला व्हता. साहेब म्हने, वाया काहून घालतं, विमानाले मारून टाक."

"अन् त्याच्या आंधी कोन्ता व्हता?"

"आंधी पोपडे व्हते. कोन पाहते जी? तुमीच पयले. नाही, दुसरे. एक अमरावतीवाला येऊन गेला, फोन लावून लावून पाहे. मी त्याले सांगतलं, गेटाचा हाय म्हनून. तो म्हने, गप राय, तुले काय समजते."

हे ऐकून किसनराव चौथऱ्याच्या पायरीवर बसले. गनिमाने खरे ऐकूनही कानाआड केले होते, आणि आपण त्याच्या शब्दावर चौदा महिन्यांची राख करून फाटकाचा रंग अंगावर घेतला. पुन्हा खरडावे तर चक्रे फाटतात, न खरडावे तर मेज जाते. चंदनाने पाणी दिले ते प्याले. मग उठून विमानाभोवती एक फेरी घातली, मग दुसरी, आणि दुसऱ्या फेरीत त्यांस जे दिसले ते आजवर कोणा रंगपंडितास दिसले नव्हते. डावे चाक भेगाळून बसलेले. मागच्या भोकात कबुतरे शिरू नयेत म्हणून कोंबडीची जाळी ठोकलेली. पोटावर कोणी खिळ्याने बदाम कोरून त्यात 'करिश्मा' लिहिलेले. शेपटावर कावळ्यांचा शेरा. किसनरावांनी पिशवीतून हाराचा दोरा काढिला आणि, हार मापावे तसे, चौथरा, भेग, जाळी, बदाम, सारे गाठी मारमारून मापून घेतले. चंदनास वाटले, काका उन्हाने बिघडले.

मग आठ दिवस मेजावर जे जाहले त्याचे वर्णन काय करावे! चांगल्या चाकास तापल्या सुईने भेग पाडिली, नायलॉनच्या मोज्याची जाळी कातरून भोकात बसविली, प्लास्टरचा चौथरा ओतिला, आणि पांढऱ्या रंगाने कावळ्यांचे काम ब्रशाच्या एका केसाने केले. माणिकबाई डोकावून म्हणाल्या, "चांगल्या वस्तूची दशा करून राह्यले," आणि प्रथमच थोडा वेळ पाहत उभ्या राहिल्या.

प्रदर्शनाचे दिवशी अमरावतीस एका मंगल कार्यालयात मेळा भरला. परीक्षक नत्थुजी, नांदगाव खंडेश्वरचे, बावीस वर्षे हवाई दलात विमानांची दुरुस्ती करून आता काळ्या जमिनीत तूर करणारे, हळू चालीने आले. प्रथम किशोरांची चिठ्ठी वाचिली: तळावर उड्डाणास सज्ज विमान, रंग प्रत्यक्ष मोजून घेतला. नत्थुजींनी चष्मा वर केला, खाली केला.

"बापू, असा रंग मी बावीस वर्सांत एका विमानावर नाही पाह्यला."

मग किसनरावांची चिठ्ठी वाचिली: अचलपूरचे कॉलेजच्या दरवाजापाशी उभे विमान, चंदन पेंटर यांनी उरल्या डब्यातून रंगविल्याप्रमाणे. नत्थुजी वाकले, चाक पाहिले, जाळी पाहिली, बदाम वाचिला, आणि इतके हसले की खुर्ची मागवावी लागली. "ह्याच्या पुढून तं मी दर महिन्याले जातो. कावळ्याईचंबी बरोब्बर!"

किशोर खवळून म्हणाले, "रंग दोघाईचा एकच हाय! मंग मले काहून बाद?"

"रंग एकच हाय भाऊ. पन तुहं विमान म्हनते मी उडून राह्यलो, अन् त्याचं म्हनते मी उभा हाय. लबाड कोन, तूच सांग."

ज्या चौदांनी अंगठे वर केले होते त्यांनीच टाळ्या वाजविल्या, ही त्या दरबाराची रीत. अव्वल नंबर जाहीर जाहला आणि किसनराव प्रशस्तिपत्र छातीशी धरून मूर्तिजापूरमार्गे कूच करते जाहले, वाटेत तीन अनोळखी उतारूंस सारी लढाई सांगितली, पैकी दोघे झोपले.

संध्याकाळी घरी पोचून त्यांनी कागद माणिकबाईंपुढे ठेविला. बाईंनी नंबर वाचिला, शिक्का पाहिला, हुज्जत मुळीच केली नाही. म्हणाल्या, "मेज तुमचं. बोलली तं बोलली." किसनराव तृप्त होऊन पाठ टेकावयास आतल्या खोलीत गेले, तो पलंगावर शेवंतीच्या सहा पाट्या, उशीच्या जागी दोऱ्याची रिळे, आणि मध्ये ओवलेल्या हारांची रास. पलंगाची उंची माणिकबाईंच्या गुडघ्यांस मेजाहून बरी पडली होती.

"अवं, हे काय? मी कोठी झोपू?"

"पलंगाचं काही बोलनं झालं नव्हतं," ऐसे उत्तर आले, आणि तहात खरोखरच पलंगाचा उल्लेख नव्हता.

येणेप्रमाणे माघ मासी जठारपेठेचे मेज, लांबी सहा फूट, चारी पायांसह, किसनरावांकडे कायम जाहले. विजयी वीरांनी त्या रात्री मेजाखाली सतरंजी घालून मुक्काम केला. फत्ते जाहली, लिहून ठेविली असे.